अंगातलं वारं

भैरवीची मान डावीकडं ओढली गेली, तसं चंद्रप्रभानं लेकीला मांडीवरून उतरवून सतरंजीवर कुशीला निजवलं आणि पिशवीत हात घातला. काल्याचं कीर्तन रंगात आलं होतं. महाराजांनी नामाचा गजर धरलेला, टाळ-मृदंगानं मांडव भरून गेलेला, आणि इकडं आठ वर्षांची पोर दात आवळून हातपाय झटकत होती.

"येडाई आली!" शेजारची बाई ओरडली. "लेकराच्या अंगात आई आली!"

बायका गुडघ्यांवर सरकत आल्या. कुणी भैरवीच्या पायांवर डोकं ठेवलं, कुणी तिचा मळवट भरला. 'अजून बोलत न्हाय व्हय ही?' म्हणून एरवी आपली पोरं बाजूला घेणाऱ्याच या बायका.

चंद्रप्रभानं सासूकडं पाहिलं. कडूबाईला सगळं ठाऊक होतं. पोरीच्या गुणसूत्राचा एक तुकडा जन्मापासून कमी आहे, फिट त्यामुळंच येते, हे सोलापूरच्या डॉक्टरांनी तिच्यादेखत सांगितलं होतं. पण पलीकडं तामलवाडीची माणसं बसली होती, तिच्या लेकीला, सोनालीला, पाहायला आलेली. सकाळीच ती सुनेला म्हणाली होती, "आजच्या दिवस त्या आजाराचं नाव काढू नगं, बाई. घराण्याला बोल लागतो." आणि चंद्रप्रभानं मान डोलावली होती.

कडूबाईनं तामलवाडीकरांकडं एकदा बघितलं, मग हात जोडले.

"आईच हाय," ती म्हणाली.

चंद्रप्रभाचा हात पिशवीत नुसताच फिरत राहिला. दुपटं, बिस्किटाचा पुडा, परत दुपटं. नाकात मारायचा औषधाचा फवारा बोटांना लागेना. तेवढ्यात एक म्हातारी हळदीच्या पाण्याचा तांब्या घेऊन वाकली आणि पोरीचे दात उघडू लागली. चंद्रप्रभानं तिचं मनगट धरलं.

"पाणी नका पाजू, मावशी."

"आईला तहान लागलीया, सोड!"

"अवो, तिला..."

"फिट आलीया तिला! देवी न्हाय, मिरगी हाय! घशात जाईल पाणी!"

गजराच्या वर चढलेला तो आवाज सोनालीचा होता. नव्या साडीचा पदर खोचून ती बायकांतून घुसली आणि तिनं तांब्या काढून घेतला. टाळ थांबले.

"मागं सरा, माउली. लेकराला वारा लागू द्या," महाराज म्हणाले, आणि स्वतःच खाली उतरून उपरण्यानं वारा घालू लागले.

फवारा सापडला. हळूहळू भैरवीच्या मुठी सैल पडल्या, श्वास संथ झाला. तोवर तामलवाडीची माणसं चपला शोधत होती. "फोन करतो," म्हणाली. कडूबाई काल्याचा प्रसाद घेऊन त्यांच्यामागं जीपपर्यंत धावली.

गजर पुन्हा सुरू झाला.

"सोनाताई, मी बोलणारच होते," चंद्रप्रभा हळूच म्हणाली.

"म्हाईत हाय की. शब्द पार ओठावर आला होता तुमच्या." सोनालीनं भैरवीच्या कपाळावरचं कुंकू पदरानं टिपलं. "म्हणून तर घाई केली, वैनी. तुमी बोलला असता तर आयनं जन्मभर टोचलं असतं तुमाला. मी काय, तिची लेक हाय. दोन दिवस बोलंल."

तिनं झोपलेल्या पोरीचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं.

"जा, काला घेऊन या. मी बसते. आता मला कुठं जायाचंय?"