कुरणवाडीच्या विहिरीत मीठ

कुरणवाडीच्या घाटाजवळ मासे मेले आणि गावानं खापर फोडलं ते डीडीटीवाल्यांवर. त्या साली हिवतापाची मोहीम जोरात होती. खाकी कपड्यातली माणसं पाठीला पंप लावून घरोघर भिंतींवर डीडीटी मारत फिरायची आणि दिवस मावळताना पंचगंगेच्या घाटावर पंप धुवायची. मासे पांढरी पोटं वर करून तरंगताना दिसल्यावर गावानं दुसरं काही बघितलंच नाही. दुसऱ्या दिवशी फवारणीवाल्यांना वेशीवरूनच पिटाळून लावलं. आरोग्य खात्यानं पाटबंधारे खात्याला लिहिलं, आणि तिथल्या साहेबांनी नृसिंह बावडेकरला बोलावून घेतलं.

नृसिंह कोल्हापूरचाच. पुण्याला शिकून आलेला, संस्थान विलीन झाल्यावर मुंबई सरकारच्या नोकरीत शिरलेला. नदीत पाणी किती, ते कुठून येतं, कुठं मुरतं, किती वेगानं वाहतं, हे मोजणं त्याचं काम. वय पस्तिशीचं. माणूस हुशार, पण तोंडानं सरळ. आणि सरकारी खात्यात सरळ बोलणाऱ्याचं जे होतं तेच त्याचंही होत आलं होतं. कामं ढीगभर, बढती नाही.

"बावडेकर, मासे डीडीटीनं मेले नाहीत, एवढं सिद्ध करून द्या," साहेब म्हणाले.

"आधी कशानं मेले ते बघतो."

"ते नका बघू. सांगितलंय तेवढं बघा."

सांगितलेलं काम एका सकाळीच झालं. पंप धुवायचे ते घाटाच्या पायऱ्यांवर, आणि मासे मेले होते ते घाटाच्या वरच्या अंगाला. मेलेला मासा काही प्रवाहाविरुद्ध पोहत वर जात नाही. डीडीटीवाले सुटले. साहेब खूश झाले, आरोग्य खातंही खूश झालं. नृसिंहनं तिथंच हात झटकले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण त्याला दिसलं होतं की मासे मेले होते ते बरोबर गावचा ओढा नदीला मिळतो त्या डोहात. मग तो ओढ्याच्या काठाकाठानं वर चालत गेला.

वर ऊस सोसायटीचं आवार होतं. माघातली उसाची लागण चालू होती. लोखंडी हौदात तांबूस पाणी भरलेलं, आणि पाचसहा बायका उसाच्या कांड्या टोपल्यांनी त्यात बुडवून काढत होत्या. कोपरापर्यंत हात त्या पाण्यात.

"हे कसलं पाणी?" नृसिंहनं विचारलं.

"बेन्याचं औषध हाय की," धोंडुबाई नावाची त्यातली थोरली बाई म्हणाली. "ह्यात बुडीवलं की कांडी कुजत न्हाय."

"संध्याकाळी उरलेल्याचं काय करता?"

तिनं भिजल्या हातानं ओढा दाखवला. दुसरं काय करणार, असा तिचा चेहरा.

औषधाच्या डब्यावरचं बारीक इंग्रजी नृसिंहनं दोनदा वाचलं. त्यात पारा होता. त्यानं ओढ्यातलं पाणी हौदाच्या खालून आणि वरून बाटल्यांत भरून घेतलं आणि एसटीनं कोल्हापूर गाठलं. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारा एक जुना मित्र होता. त्याच्या मेहेरबानीनं रविवारची प्रयोगशाळा मिळाली. तिथं क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवलेलं एक गर्द हिरवं रसायन असतं. पाण्यात पारा असला की ते नारिंगी होतं. पहिल्याच बाटलीला ते नारिंगी झालं. नृसिंहनं दुसरी घेतली, तिसरी घेतली. हौदाच्या वरच्या अंगाचं पाणी घेतलं तेव्हा रंग हिरवाच राहिला. शंकेला जागाच नव्हती.

त्या दिवशी तो घरी आला तो क्लोरोफॉर्मचा वास घेऊनच. जेवताना त्याचं ताटात लक्ष नव्हतं. बायको लीला म्हणाली, "तो पारा पाण्यात सापडला म्हणता, पण मला तर तुमच्या डोक्यात चढलेला दिसतोय."

"अगं, त्या बायकांचे हात दिवसभर त्यात असतात."

"मग सांगा जाऊन साहेबांना."

त्यानं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "तुम्हाला डीडीटीचं विचारलं होतं. त्याचं उत्तर गेलं. हे औषध शेती खात्यानं वाटलंय. म्हणजे सरकारनं. आता सरकारचं औषध विष आहे असं सरकारनंच सांगायचं?"

तरी नृसिंहनं पाठपुरावा सोडला नाही, म्हणून शेती आणि पाटबंधारे, दोन्ही खात्यांची मिळून तपासणी ठरली. ठरायलाच इतके दिवस गेले की तोवर लागण आटपत आली. साहेबलोक आले तेव्हा सोसायटीचे चेअरमन रुद्रय्या वेशीपर्यंत सामोरे आले. धिप्पाड माणूस, कपाळावर भस्माचे पट्टे, आवाज असा की नदीपलीकडच्यानं ओ द्यावी. घरी शेती आणि जयसिंगपुरात अडतीचं दुकान. घरात कानडी, दारात मराठी. त्यांच्या घरी गव्हाची गोड हुग्गी, वर तुपाची धार, भाकरी, झुणका असं जेवण झालं. पानसुपारी झाली. मग सगळे ओढ्यावर गेले. हौद कोरडा होता, ओढ्याला वरून पाटाचं पाणी सुटलेलं, खळखळ वाहत होता. बाटल्या भरल्या. निकाल आला: पाणी निर्दोष.

"साहेब, ते पाणी केव्हाच गेलं!" नृसिंह कचेरीत अक्षरशः ओरडला. "चोर पळून गेल्यावर रिकाम्या घराची झडती घेतली आपण. पारा जड असतो, तो गाळात बसतो. गाळ तपासू या."

शेती खात्याचा अधिकारी म्हणाला, "गाळ ओढ्यातला. ओढा पाटबंधाऱ्याचा."

साहेब म्हणाले, "आमच्याकडे फक्त पाणी येतं. गाळ म्हणजे माती, आणि माती तुमच्याकडे."

दोघांनी एकमेकांकडे बघून समाधानानं माना हलवल्या. नृसिंह दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला. भिंतीवर डोकं आपटावं तर भिंतही सरकारी.

मग तो एका रविवारी स्वतःच्या पैशानं कुरणवाडीला गेला आणि थेट रुद्रय्यांच्या सोप्यात जाऊन बसला. सांगायचं ते सगळं सांगितलं. रुद्रय्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "पावणं, तीन वरसामागं ह्या गावात निम्मा ऊस जमिनीतच कुजला. कांडी फोडली की आत लाल, आंबूस वास. ह्या औषधानं आमचं शिवार उभं केलंया. हे तुमास्नी मान्य हाय का न्हाय?"

"मान्य आहे."

"मग मला एकच सांगा. ह्ये पानी किती प्यालं म्हंजे मानूस मरतो? तुमी शिकल्यालं. आकडा सांगा."

आकडा नव्हता. नृसिंहकडे नव्हता, पुण्याच्या ग्रंथालयात नव्हता, कदाचित जगातच कुठं नव्हता. हळूहळू साठत जाणाऱ्या विषाची मोजदाद कुणी केलीच नव्हती.

"माहीत नाही," तो म्हणाला.

"बघा!" रुद्रय्यांनी मांडीवर थाप मारली. "खरं बोलला म्हनून तुमचा राग येत न्हाय. पर म्हाईत न्हाय त्याच्यापायी मी औषध बंद करू?"

नृसिंहच्या मनात आलं, खोटा आकडा ठोकून दिला असता तर या माणसानं ऐकलं असतं. जिभेवर आलेला आकडा त्यानं गिळला. उठताना एवढंच म्हणाला, "धोंडुबाईचे हात बघा एकदा. तिला विचारा."

काय झालं कुणास ठाऊक, पण रुद्रय्यांनी विचारलं असावं. धोंडुबाईच्या बोटांना मुंग्या येत होत्या, भाकरी थापताना हात कापत होते. ती म्हणायची वयानं होतंय, आणि वय तर तिचं चाळीसही नव्हतं. पावसाळा सरता सरता रुद्रय्यांचा सांगावा आला: तुमच्या मनासारखं केलंय, येऊन बघून जा.

नृसिंह उड्या मारतच गेला. आवाराच्या मागं, चढावर, पुरुषभर खोल खड्डा खणला होता. "आता दिवाळीनंतरच्या लागणीला थेंब जानार न्हाय ओढ्यात," रुद्रय्या अभिमानानं म्हणाले. "सगळं ह्यात. झालं समाधान?"

नृसिंहनं खड्ड्यात उतरून बाजूची माती हातात घेतली. मुरूम. भेगाळलेला, भुसभुशीत मुरूम. उतार कुठं जातो ते बघायला त्यानं मान वळवली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. उताराच्या पायथ्याला गावची पिण्याच्या पाण्याची विहीर होती.

"अण्णा, इथं नको. हे सगळं झिरपून विहिरीत जाईल."

रुद्रय्यांचा चेहरा बघता बघता बदलला. "वड्यात नको म्हनला, वडा सोडला. आता खड्ड्यात नको? मग काय डोक्यावर ओतून घिऊ? हितं कुटं खड्डा आनि कुटं हीर! मदी एवढी जमीन हाय!"

"जमिनीच्या आत वाटा असतात."

"दाखवा."

"दाखवतो. औषध पडायच्या आत खड्ड्यात मीठ टाकू द्या. मीठ विहिरीत उतरलं तर माझं खरं."

रुद्रय्या पोट धरून हसले. "टाका! माजीच गाडी न्या जयसिंगपूरला मीठ आनायला!"

चार पोती मीठ खड्ड्यात पडलं. वरून इंजिनानं उपसलेलं पाणी सोडून खड्डा तुडुंब भरला. नृसिंहचा हिशोब होता की मीठ विहिरीत यायला महिना तरी लागेल. तोवर तो अधूनमधून बाटलीत पाणी नेऊन तपासत राहील, आणि जिभेला कळायच्या आत कागदावर कळेल. मुरमातल्या वाटा त्याच्या हिशोबाहून मोकळ्या निघाल्या. वसुबारसेच्या सकाळी कुरणवाडीच्या विहिरीचं पाणी खारट लागलं.

नृसिंह पोचला तेव्हा विहिरीवर सगळ्या गावच्या बायका जमल्या होत्या. ऐन दिवाळीत कुणाचं अनारशाचं पीठ वाया गेलं होतं, कुणाची डाळ. गुरं पाण्याला तोंड लावून मान फिरवत होती.

"ह्योच त्यो मीठवाला!" अंबूबाई नावाची एक बाई कमरेला पदर खोचून पुढं आली. "तुज्या आईनं असंच मीठ घातलंतं का रं तुज्या दुधात? पोरांनी प्यायचं काय?"

"बाई, ऐका. मीठ आलं म्हणजे औषधसुद्धा..."

"मीठ तू टाकलंस! औषध कुनी टाकलं हितं? दाखीव!"

तिचंही बरोबर होतं. औषध अजून कुणी टाकलं नव्हतं. टाकायच्या आधी थांबवायचं, यासाठीच तर हा खटाटोप होता. पण जे घडलंच नाही ते दाखवणार कसं? खारट पाणी मात्र प्रत्येकीच्या जिभेवर होतं. नृसिंहनं हात जोडले. कुणी ऐकलं नाही. रुद्रय्या मागं उभे होते. त्यांनी ओंजळभर पाणी घेतलं, तोंडात घोळवलं, थुंकलं आणि आवाराकडं निघून गेले. दुपारी खड्डा बुजवायला गडी लागले.

महिनाभर गावानं नदीवरून घागरी वाहिल्या आणि प्रत्येक घागरीमागं नृसिंहचा उद्धार केला. तक्रार जिल्ह्याला गेली. साहेबांनी त्याला समोर उभं केलं.

"सार्वजनिक विहिरीचं पाणी बिघडवलंत. पाणी राखायची नोकरी ना तुमची?"

"मीठ टाकून मी विष थांबवलं, साहेब."

"विषाचा कागद कुठाय? मिठाचा कागद आहे माझ्याकडे. गावच्या सह्या आहेत."

बदली झाली. कागलकडे, दूधगंगेच्या काठावर, जिथं मोजायला पाणी होतं आणि विचारायला कुणी नव्हतं. सामान बांधताना लीला म्हणाली, "एवढं खरं बोलून तुम्हाला काय मिळालं हो?" ट्रंकेचं झाकण लागत नव्हतं. त्यावर गुडघा ठेवून तो ते जिवाच्या आकांतानं दाबत राहिला.

निघायच्या आधी तो एकदा कुरणवाडीला गेला. मनात होतं, खड्डा गेला म्हणजे औषध परत ओढ्यात जात असणार. पण आवारात सिमेंटचा नवा, बुटका, पसरट हौद बांधलेला दिसला. बायका कांड्या आता लोखंडी हौदात लांब दांड्याच्या जाळीनं बुडवत होत्या. धोंडुबाई त्यात नव्हती. तिला सावलीत कांड्या तोडायच्या कामाला बसवलं होतं, पण हातातला कोयता काही नीट चालत नव्हता.

रुद्रय्या समोर आले. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "उरल्यालं ह्यात टाकतो. उन्हात वाळून जाईल. आता कुटं मुरनार ते सांगा."

नृसिंहनं हौदाभोवती फेरी मारली. सिमेंट पक्कं होतं. पण कट्टा जेमतेम गुडघ्याएवढा. "मुरणार नाही. पण मृगात पाऊस लागला की भरून वाहील. सगळं पुन्हा ओढ्यात."

"तुमचं समाधान ह्या जन्मी व्हायचं न्हाय!" रुद्रय्यांनी डोक्याचा रुमाल काढून झटकला. चार पावलं गेले. परत आले. "किती उच करू कट्टा?"

इतक्या महिन्यांत कुणी पहिल्यांदा त्याला असं काही विचारलं होतं ज्याचं उत्तर त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं पावसाळ्याचा हिशोब मनातच केला आणि छातीशी आडवा हात धरला. "इथवर. वर पत्र्याचं छप्पर घातलंत तर फारच छान. आणि तळाला जे साठेल ते कुठंही फेकू नका."

"मग करू काय त्येचं?"

"तेही मला माहीत नाही, अण्णा."

रुद्रय्यांनी लांब सुस्कारा सोडला. "शिवा शिवा. पावणं, तुमच्यावानी मानूस म्या बघितला न्हाय."

पुढल्या ज्येष्ठात, पावसाच्या तोंडावर, तो कागलहून मुद्दाम येऊन गेला. कट्टा वाढवला होता, छप्पर नव्हतं. नृसिंह हौदाला खेटून उभा राहिला. कट्टा त्याच्या कमरेशी संपत होता.

"सिमीट मिळालं न्हाय," रुद्रय्या दुसरीकडं बघत म्हणाले. "परमिट लागतंय."

पश्चिमेला आभाळ भरून आलं होतं. नृसिंहनं सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. "कट्ट्यावर रचायला मातीची पोती तरी आहेत का? कांड्यांची रिकामी गोणपाटं चालतील. गडी बोलवा दोन."

"आज? आज बाजार हाय, गडी कुटनं मिळनार?"

"मग तुम्ही धरा एका बाजूनं," नृसिंह म्हणाला आणि फावडं शोधायला निघाला.