दर गुरुवारचा नंबर

रविकांतने अर्जाची घडी उलगडून तो टेबलावर पसरला आणि पंख्याच्या वाऱ्याने उडू नये म्हणून दोन्ही कोपरे बोटांनी दाबून धरले.

"वाच," तो म्हणाला. "सात मुद्दे आहेत. पंधरा दिनार दंड! दर गुरुवारी आठवड्याचे पैसे आगाऊ भरणारा माणूस मी. आणि माझ्याच गाडीवर चिठ्ठी? चोर सोडून संन्याशाला सुळी."

टेबलापलीकडचा रफीक वाचू लागला. कुवेतमधल्या सालमिया भागातल्या त्या तारेच्या कुंपणाच्या खाजगी पार्किंगचा हिशेब तो बघायचा. मूळचा श्रीवर्धनचा, त्यामुळे मराठी माणसाचं भांडण मराठीतच ऐकून घेण्याची पाळी त्याच्यावर यायची. केबिन एवढीशी होती आणि खिडकीतला एसी नुसताच घरघरत होता.

रविकांतची बायको शीला बाजूच्या खुर्चीवर पर्स मांडीत घेऊन बसली होती. या भांडणांची तिला सवय होती. टेलिफोनचं बिल असो की कोपऱ्यावरच्या बाकाला दुकानातल्या टोमॅटोचं वजन, आकडा चुकला की रविकांतच्या अंगात यायचं. बिल्डिंगमधले लोक आपापली बिलं तपासायला त्याच्याकडे आणून द्यायचे. पंचवीस वर्षं प्लँटच्या कंट्रोल रूममध्ये आकडे लिहिणारा माणूस. आकड्याच्या बाबतीत तो नाकावर माशी बसू देत नसे. "बाबा, इट्स ओन्ली फिफ्टीन केडी," असं सकाळी शलाका म्हणाली, तेव्हा तिलाही दहा मिनिटं ऐकून घ्यावं लागलं होतं. फक्त या वेळी तो शीलाला बरोबर घेऊन आला होता. एरवी भांडायला त्याला कुणी लागत नसे.

"काका," रफीक अर्ज बाजूला ठेवत म्हणाला, "तुमी पैसे भरलेत, त्यात वादच नाय. पण रजिस्टरात तुमच्या गाडीचा नंबर नाय. गेटवरचा नवीन वॉचमन लिस्ट बघून चिठ्ठी लावतो. जुना तुमाला ओळखायचा, तो बघायचाच नाय."

"मग तुमच्या माणसाने चुकीचा नंबर लिहिला."

"आमचा माणूस लिहीत नाय, काका. ज्याची गाडी, तो लिहितो."

आता भडका उडणार, असं शीलाला वाटलं. पण रविकांत उठला.

"तू बघ रजिस्टर," तो तिला म्हणाला. "मी बाहेर थांबतो. इथे गुदमरायला होतंय."

ऐन भांडणात उठून जाणारा रविकांत तिने आजवर पाहिला नव्हता. रागाने गेला असेल, असं म्हणून ती खुर्ची पुढे सरकवून बसली.

रफीकने रजिस्टर तिच्याकडे फिरवलं. गेल्या गुरुवारच्या पानावर रविकांतची सही होती आणि सहीशेजारी त्याच्या रेखीव अक्षरात एक नंबर. तो त्यांच्या आताच्या कॅमरी गाडीचा नव्हता. शीलाने तो लगेच ओळखला आणि तिला हसूच आलं.

"अरे, हा आमच्या जुन्या कॅप्रिसचा नंबर! युद्धाआधीच्या."

इराकने कुवेत घेतलं तेव्हा, नव्वदच्या सप्टेंबरात, त्याच गाडीतून ते बगदादवरून जॉर्डनच्या सीमेपर्यंत गेले होते. मागच्या सीटवर पाच वर्षांची शलाका आणि पाण्याचे तीन कॅन. किल्ली आतच ठेवून त्यांनी गाडी वाळूत सोडून दिली, त्याला आता बारा वर्षं झाली होती. सवयीने लिहिला असेल. कुणाच्याही हातून होईल.

"मागचं पान पण बघा, काकी," रफीक म्हणाला.

त्याआधीच्या गुरुवारी तीन इंग्रजी अक्षरं होती आणि चार आकडे.

"असला नंबर कुवेतमध्ये नसतोच," रफीक हलक्या आवाजात म्हणाला. "मी लय डोकं खाजवलं."

शीलाला डोकं खाजवायची गरज नव्हती. रविकांत चिंचवडच्या कारखान्यात होता तेव्हाच्या स्कूटरचा तो नंबर. लग्नानंतर ती त्याच स्कूटरवर मागे बसून पहिल्यांदा माहेरी गेली होती. तिने स्वतःच पान उलटलं. तिथे सही होती, पण नंबराची जागा मोकळी होती. पेन बराच वेळ टेकून राहिल्याचा शाईचा एक ठिपका तेवढा होता.

तिने रजिस्टर मिटलं. गेल्या महिन्याभरातल्या गोष्टी आपोआप एकामागून एक उभ्या राहायला लागल्या. फ्रीजमध्ये ठेवलेला त्याचा चष्मा. शलाकाच्या शाळेला दोनदा पाठवलेली फी. शलाकाला त्याने मारलेली हाक, आपल्या वारलेल्या बहिणीच्या नावाने. तेव्हा तिघंही हसली होती. तिला रडू फुटलं आणि तिने डोळे पदराने तिथेच पुसले.

मग तिने जगातल्या सगळ्या बायका करतात तसा हिशेब केला. कंपनीला कळलं तर नोकरी गेली. नोकरी गेली की अकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, गेला, आणि तिघांनाही महिन्याभरात घर आवरून परतावं लागेल. शलाकाची अकरावी चालू होती. दोन वर्षं. फक्त दोन वर्षं झाकली मूठ ठेवली, तर पोरीची बारावी इथे होईल. तिने पर्स उघडून पंधरा दिनार टेबलावर ठेवले.

"रफीक, हे घे. आणि त्यांनी विचारलं तर तुमच्या माणसाची चूक होती म्हणून सांग."

"काकी, तसं नका करू."

"तुझ्या आईसारखी आहे मी. एवढं ऐक."

रफीक नोटांकडे बघत राहिला. त्याने त्या घेतल्याही नाहीत आणि परतही केल्या नाहीत.

बाहेर रविकांत कुंपणाला टेकून सावलीत उभा होता. समुद्राकडून दमट वारा येत होता आणि त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. शीलाने चेहऱ्यावर जमेल तेवढा उत्साह आणला.

"तुमचंच बरोबर होतं! त्यांच्याच माणसाने घोळ घातला. दंड रद्द केलाय."

रविकांतने तिच्याकडे पाहिलं. जिंकलेल्या भांडणानंतर त्याची मान जशी ताठ व्हायची तशी ती झाली नाही.

"त्याने तिन्ही पानं दाखवली ना?"

शीला पर्सची चेन लावू लागली.

"मी सोमवारी येऊन बघून गेलोय, शीला. तुला सगळं दाखव, म्हणून मीच त्याला सांगितलं होतं."

"मग हा अर्ज, हे सात मुद्दे?"

"तुला सांगायचं कसं, तेच कळेना. चार दिवस तोंड उघडायला बघतोय. भांडायला जाऊ या म्हटलं की तू काही विचारत नाहीस."

ती त्याच्या शेजारी कुंपणाला टेकली. ऊन उतरू लागलं होतं तरी तार अजून तापलेलीच होती. नंतर ती घाईघाईने बोलू लागली, जणू कुणी ऐकायच्या आत सगळं ठरवून टाकायला हवं होतं. गोष्टी लिहून ठेवू. सकाळी मी आठवण करीन. गाडी सोडा, कंपनीच्या बसने जा. शलाकाची बारावी होईपर्यंत. दोनच वर्षं. कुणाला कळणार नाही.

रविकांतने तिला सगळं बोलू दिलं.

"दर तासाला मी बॉयलरचं प्रेशर लिहितो," तो म्हणाला. "माझा आकडा बघून खाली माणसं व्हॉल्व्ह फिरवतात. अठ्ठावीस माणसं असतात एका शिफ्टला. आपल्या प्रसादएवढी पोरं आहेत त्यात."

प्रसाद हा शीलाचा धाकटा भाऊ. दोन वर्षांपूर्वी रविकांतनेच त्याला त्या प्लँटवर चिकटवला होता.

रस्त्यावर शाळेची एक बस थांबून पुढे गेली.

"शनिवारी मी कंपनीच्या डॉक्टरकडे जाणार आहे. तू बरोबर ये."

"मी येऊन काय करू?"

"तिथे बसल्यावर मी खोटं बोलेन," रविकांत म्हणाला. "नोकरीसाठी, पोरीसाठी, बोलेनच. तू मला बोलू देऊ नकोस."

शीलाने त्याचा हात धरला. इतक्या वर्षांत कुवेतच्या रस्त्यावर तिने तो कधी धरला नव्हता. मग ती हो म्हणाली.