दोन माइकांचा संसार

ज्यांना उलट बोलता येत नाही अशाच माणसांशी बोलायची दातांच्या डॉक्टरांना पंचवीस वर्षांची सवय होती. खुर्ची मागे कलली, पेशंटच्या तोंडात आरसा आणि कापूस गेला, की डॉक्टर सुरू होत. तरुण पिढी, गुडघेदुखी, रस्त्यांची अवस्था, काहीही. पेशंट डोळे मिचकावत आणि डॉक्टर त्याला दाद समजत. एकदा भुलीने अर्धा जबडा बधिर झालेला एक गृहस्थ जाता जाता म्हणाला, "आवाज छान आहे हो तुमचा." तो "आवाज लहान करा" म्हणाला असावा, असं मदतनीस बाईंचं मत होतं. पण डॉक्टरांनी घरी जाऊन जाहीर केलं, "मी पॉडकास्ट काढतोय. नावही ठरलंय. 'मनमोकळं'."

"बरं," बायको म्हणाली.

डॉक्टरांच्या थोरल्या बहिणीने रेडिओ केंद्रात तीस वर्षं ध्वनिमुद्रण केलं होतं. रविवारी सकाळी ताई आली, बाहेरच्या खोलीच्या मधोमध उभं राहून तिने एक टाळी वाजवली आणि कान दिला.

"इथे नको. भिंती उघड्या आहेत, आवाज घुमतो. झोपायच्या खोलीत कपाटाची दारं सताड उघडा आणि समोर बसा. कपडे आवाज पितात. माइक तोंडापासून वीतभर लांब आणि जरा बाजूला, नाहीतर प-फ म्हणताना फटाके फुटतील. पंखा बंद. फ्रिजही बंद, आणि दवाखान्याची किल्ली फ्रिजमध्येच ठेव, म्हणजे तो परत सुरू करायला विसरणार नाहीस. पाहुण्याला वेगळा माइक दे. दोन माइकांच्या दोन फाइली होतील, त्या जोडूनच बाहेर सोडायचं. सोडण्याआधी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचं. आणि प्रश्न विचारलास की गप्प बसायचं."

डॉक्टरांनी सगळं वहीत उतरवून घेतलं. शेवटचं वाक्य ताई म्हणत होती तेव्हा ते स्वतःच बोलत होते, त्यामुळे तेवढं राहून गेलं.

पहिली पाहुणी म्हणून घरातलीच सापडली. विषय, 'सुखी संसाराचं गुपित'.

"तू काही तयारी करू नकोस," डॉक्टर म्हणाले. "मी सांभाळून घेईन."

दोघं कपाटासमोर बसली. पाठीला लटकलेले कोट, स्वेटर आणि रजया. डॉक्टरांनी घसा साफ केला.

"तर श्रोतेहो, आज माझ्यासोबत आहे माझी अर्धांगिनी. सांग बरं, आपल्या संसाराचं गुपित काय?"

"मला वाटतं—"

"संवाद. अगदी बरोबर. आता संवाद म्हणजे काय?"

संवाद म्हणजे काय, ते पुढची अकरा मिनिटं डॉक्टरांनी एकट्याने सांगितलं.

सोमवारी दोन पेशंटच्या मधल्या वेळात, एका हाताचा मोजा काढून, त्यांनी एपिसोड सोडला. ऐकून बघायचं राहिलं. आपणच बोललेलं परत काय ऐकायचं? जोडायचंही राहिलं. दोन फाइलींपैकी वरची उचलली आणि दिली पाठवून. ती निघाली बायकोच्या माइकची.

ताईने माइक नेमके लावून दिले होते. डॉक्टरांचा आवाज त्या फाइलीत भिंतीपलीकडच्या भुणभुणीएवढाच होता. बाकी चाळीस मिनिटं शांतता, आणि अधूनमधून बायको. "हं." बराच वेळ काही नाही. "बरं." "नाही, तेव्हा मी होतेच की." "हं." एकविसाव्या मिनिटाला एक उसासा. तिसाव्याला दाबलेली जांभई. शेवटी, "झालं का? फ्रिज सुरू करते."

तीन दिवसांत नऊ हजार लोकांनी तो ऐकला. आकडा बघून डॉक्टर टरारून फुलले. "लोकांना आशय लागतो," त्यांनी कवळीचं माप देत असलेल्या आजोबांना सांगितलं. निरोपही येत होते. 'आमच्या घरी हे रोज असतं, फक्त माइक नसतो.' 'एकविसाव्या मिनिटाचा उसासा माझ्या आईचा आहे.' आपण लोकांच्या काळजाला हात घातला, एवढाच अर्थ डॉक्टरांनी त्यातून काढला.

गुरुवारी एक निवृत्त शिक्षिका दाढ भरायला आल्या. डॉक्टर संवादाचं महत्त्व सांगू लागले. बाईंनी तोंडातल्या कापसातून, नेमकी जागा बघून, म्हटलं, "हं." मदतनीस बाई हातातला ट्रे ठेवून बाहेर पळाल्या. हसण्याचा आवाज जिन्यापर्यंत गेला.

डॉक्टर एक्स-रेच्या खोलीत शिरले, दार लावलं आणि हेडफोन चढवले. नऊ मिनिटांनी बाहेर आले तेव्हा कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

घरी आल्या आल्या त्यांनी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो. सोमवारीच ताईंचा फोन आला होता."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"मंगळवारी सांगायला आले होते. तेव्हा लोकांना काय लागतं, ते तुम्ही मला सांगत होतात."

डॉक्टरांनी ताबडतोब दोन्ही फाइली जोडून खरा एपिसोड सोडला. दोनशे चौदा जणांनी तो लावला आणि बहुतेक चौथ्या मिनिटाला उठून गेले. एकाने विचारलं, 'मधे मधे हा माणूस कोण बोलतोय?' दोष माइकचा आहे हे डॉक्टरांच्या लगेच ध्यानात आलं, आणि त्यांनी त्याहून भारी माइक मागवला.

लोक मात्र बायकोला विचारत राहिले, पुढचा कधी? शनिवारी डॉक्टर दवाखान्यात असताना ती आणि ताई कपाटासमोर बसल्या. लग्नाआधी ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. ताईने पहिला प्रश्न विचारला आणि ओठ मिटून घेतले. सुरुवातीला बायको दोनदा अडखळली. कुणीतरी वाक्य तोडेल म्हणून थांबायची सवय झाली होती. कुणीच तोडेना, तशी ती बोलत सुटली. चुकीचे जोडलेले फोन, फोनवर न बोलता नुसतीच रडणारी माणसं, पगार वाढला त्याच महिन्यात सोडलेली नोकरी आणि ती सोडायचं कुणी ठरवलं ते. अडतीस मिनिटांत ताईला कापावी लागली ती फक्त एक शिंक.

डॉक्टरांनी तो एपिसोड स्वयंपाकघरात बसून ऐकायला घेतला. दुसऱ्याच मिनिटाला त्यांनी तो थांबवला आणि फोनकडे बघत म्हणाले, "असं नव्हतं झालेलं." खुलासा करून पुन्हा लावला. पाचव्याला पुन्हा थांबवला. बायको आणि ताई चपला घालून फिरायला निघून गेल्या. तासाभराने परतल्या तेव्हा डॉक्टर अकराव्या मिनिटावर होते आणि फोनला समजावून सांगत होते.