अठरा पिना

आमच्या बोलिंग लीगमध्ये हँडिकॅप मी लावायचो. कच्च्या खेळाडूला दर गेमला न पाडलेल्या काही पिना वरून गुणांत द्यायच्या, म्हणजे पक्क्याशी त्याची बरोबरी होते. पहिल्या नऊ गेमची सरासरी काढायची, तीच वर्षभर चालते. सरासरी जितकी कमी, तितक्या फुकटच्या पिना जास्त. एवढ्याशा गणितातही माणसं लबाडी करतात, याचा मला भारी संताप. सरासरी उतरवायला मुद्दाम पिना सोडणारे दोघे मीच हाकलले होते.

आणि दादाची सरासरी मी तक्त्यावर एकशे तीसची एकशे बारा लिहिली.

दादा माझा थोरला भाऊ. चाळीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस. अर्धांगाच्या झटक्याने उजवा हात गेला आणि तो खिडकीशी बसून राहिला. मी त्याला लीगमध्ये ओढून नेलं, तेव्हा डाव्या हाताने बॉल टाकायला शिकला. अठरा पिनांनी कुणाचं काय बिघडतंय, अशी मी मनाची समजूत घातली. दादा जिंकायला लागला. वहिनी म्हणाली, "भावोजी, आज शर्टाची बटणं स्वतः लावली हो यांनी." आता कुठल्या तोंडाने आकडा दुरुस्त करायचा?

फायनलला दादाने लीगमधल्या एका बेकरीवाल्याला अकरा पिनांनी हरवलं. बेकरीवाल्याने उचलली जीभ, लावली टाळ्याला: "म्हाताऱ्याने सुरुवातीला मुद्दाम पिना सोडल्या."

दादा त्या रात्री जेवला नाही. रविवारी लीगच्या समितीसमोर आला तो खिशात पहिल्या नऊ गेमच्या चिठ्ठ्या घेऊन. प्रत्येक गेमनंतर मशीन गुण छापून देतं त्या. लोक त्या जागच्या जागी फेकतात. याने औषधांच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या.

"वाच," तो मला म्हणाला. "मोठ्याने वाच. पहिल्या दिवसापासून जीव तोडून खेळलोय. कळू दे सगळ्यांना."

आता मी पकडला जाणार होतो. तरी वाचलं, कारण तो माझ्याकडे भरवशाने बघत होता. बेकरीवाला मोबाईलवर बेरीज करत होता.

"सरासरी काढली तर एकशे तीस येतात," तो म्हणाला. "तक्त्यावर एकशे बारा कसे?"

"मी लिहिले," मी म्हणालो. "दादाला माहीत नाही."

बेकरीवाला उठला, दादाला म्हणाला, "काका, चुकलं माझं." दादाने डाव्या हाताने जिंकलेला कप उचलला आणि त्याच्यासमोर ठेवला. समितीने माझ्याकडून तक्ता काढून घेतला. मला त्याचं काहीच वाटलं नाही. मी दादाकडे बघत होतो.

तो बाकावर बसून बोलिंगचे बूट काढत होता. मी वाकून नाडी सोडायला गेलो, तर त्याने पाय मागे घेतला.

"एवढंच सांग," तो म्हणाला. "दुपारी आपण पत्ते खेळतो. तिथे तरी मी जिंकतो ना?"

मी लगेच हो म्हणायला हवं होतं.