मणियारणीची बोटं

चांदा जिल्हा तेव्हा अख्खा एकच होता आणि गडचिरोली हा त्यातला एक तालुका. चिमूर भागातल्या अकरा गावांत बांगड्या भरायचा मान जाहिदाबीच्या मणियार सासरकडे होता. तो कुणी लिहून दिला नव्हता. तिची सासू जायची, सासूची सासू जायची, म्हणून आता ती जायची. नवरा, गुलाम रसूल, छकडा हाकायचा. मागे भाताच्या तणसात रुतवून ठेवलेल्या टोपल्या, टोपल्यांत बांगड्यांच्या माळा, आणि शेजारी पाय लांब करून बसलेली जाहिदाबी. रस्त्यात दोन्ही बाजूंना सागाचं रान असायचं. चाक दगडावर चढलं की सगळ्या माळा एकदम किणकिणायच्या आणि वानरं झाडावरून वाकून बघायची.

लग्न होऊन आली तेव्हा सासूने तिला सहा महिने बांगडीला हात लावू दिला नव्हता. नुसते हात दाबायला लावले होते. नणंदेचे, जावेचे, शेजारणींचे. "बांगडी को मत देख, लडकी का मुँह देख," असं सासू म्हणायची. अंगठ्याच्या बुडाचं हाड कुठे दबतं, करंगळीकडची बाजू आत कशी वळते, हे डोळ्यांनी नाही, बोटांनीच शिकायचं. वर्षभरात जाहिदाबी अशी तयार झाली की पोरीला तिच्या म्हशीचं नाव विचारता विचारता डझनभर बांगड्या चढवून मोकळी व्हायची. पोर नाव सांगून हाताकडे बघायची, तर काम झालेलं.

ते दिवस आता तिला फार आठवायचे. कारण चाळिशीतच तिची बोटं धरायला लागली होती. सांधे सुजून बोरासारखे झाले होते. पहाटे उठली की मूठ मिटत नसे आणि ऊन चढेपर्यंत हात आपला वाटत नसे.

आदल्या वर्षीच्या रमजानात तिने बाजारातल्या पांढऱ्या गोळ्या घेतल्या. ईदेच्या बांगड्यांची गर्दी तोंडावर होती, हात चालायलाच हवा होता. रोजा मोडायचा नाही म्हणून ती पहाटे दोन आणि रोजा सोडताना दोन घ्यायची. तेही आधी गोळ्या, मग जमलं तर चार घास. हात मोकळे झाले. तिसऱ्या आठवड्यात मात्र तिला काळी ओकारी झाली आणि ती मोरीतच पडली. गुलाम रसूलने छकड्यात घालून तिला चांद्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की पोटात जखम झाली आहे, ओकारीतलं काळं ते रक्तच. "या गोळ्या पुन्हा नाहीत. दुसऱ्या नावाच्या, दुसऱ्या रंगाच्या, कुणी कितीही चांगल्या म्हणून दिल्या तरी नाहीत. जखम भरेल, पण पोट आता कच्चं आहे."

"मंग दुखनं?" तिने विचारलं होतं.

"शेक घ्या. हात हलता ठेवा, पण जोर करू नका. आणि सकाळी हाताला वेळ द्या."

शेक तिला जमला. गुलाम रसूल रेती तव्यावर भाजून फडक्यात बांधून द्यायचा. निरगुडीचा पाला उकळून त्या पाण्यात ती बोटं उघडमीट करायची. रात्री हातांना जुन्या घोंगडीच्या पट्ट्या बांधायची, पाण्याची घागर आता तोच उचलायचा. दुखणं गेलं नाही, पण राहायला जागा करून दिल्यासारखं एका कोपऱ्यात बसलं. नाही जमलं ते एकच, सकाळी हाताला वेळ देणं. नवरीचा चुडा उजाडायच्या आत भरायचा, हळदीच्या आधी, हे त्या गावांमधलं ठरलेलंच होतं.

तिने हे दुखणं गावांत कुणालाच सांगितलं नव्हतं. दिवाळीत दोन गावांनी बाजारातल्या दुसऱ्या मणियारणीला बोलावलं, हे तिच्या कानावर आलं होतं. हात गेले तर गावं जातील, आणि गावं गेली तर आपण कोण, हा विचार तिला सोडत नव्हता.

सत्तावन्न सालच्या माघात त्या अकरा गावांतल्या सावरटोल्याला इंदुताईच्या मुलीचं, कमळाचं, लग्न निघालं. कमळा पाच वर्षांची असताना तिला पहिल्या बांगड्या जाहिदाबीनेच भरल्या होत्या. नवरा-बायको दोघं आदल्या संध्याकाळीच जाऊन ओसरीवर मुक्कामाला राहिली.

पहाटे अंगणात शेकोटी पेटली. कमळा पाटावर बसली. भोवती बाया, आणि सगळ्यांच्या पुढे कमळाची आत्या रुखमाबाई, जी प्रत्येक लग्नात काहीतरी चुकायची वाटच बघायची. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. जाहिदाबीने कमळाचा हात हातात घेतला आणि हिरवी बांगडी उचलली.

"सासरी विहीर हाय का नदी व?" तिने नेहमीसारखं विचारलं.

"विहीर हाय म्हंतेत, मावशी."

बांगडी मधल्या हाडावर आली. जाहिदाबीने अंगठा दाबला, पण अंगठा दबलाच नाही. कळ थेट कोपरापर्यंत गेली. बांगडी वाकडी दबली आणि काच टिचली.

फुटली असं कुणी म्हणत नसत. "वाढली," असं एक बाई हळूच म्हणाली. इंदुताईचा चेहरा उतरला.

"पयलीच वाढली!" रुखमाबाई म्हणाली. "म्या म्हनत होती, हिचे हात आता पयलेसारखे नाई राह्यले. चिमूरवरून दुसरी बोलवा म्हनलं, तं मले म्हने तुमाले लय समजते."

ओसरीवर कमळाचे मामा, गुणवंतराव, चहा घेत होते. ते नागपूरला राहायचे आणि प्रत्येक आजारावर काहीतरी खिशात बाळगायचे. ते जवळ आले. त्यांनी जाहिदाबीच्या सांध्यांकडे पाहिलं आणि खिशातून पांढऱ्या गोळ्यांची कागदी पुडी काढली.

"वात हाय हा. दोन गोळ्या घ्या चहासंगं. अर्ध्या घंट्यात हात मोकळा."

जाहिदाबी त्या पुडीकडे बघत राहिली. एकदाच तर घ्यायच्या. वर्ष होत आलं, पोट बरं आहे. समोर कमळा बसली आहे, तिची आई रडायच्या बेतात आहे. अर्धा तास, आणि हे गाव आपलंच राहील. तिने हात पुढे केलासुद्धा.

दारातून गुलाम रसूल बघत होता. छकड्यातली ती रात्र, तिचं डोकं मांडीवर घेऊन बैलांना शिव्या देत त्याने कापलेला सगळा रस्ता, त्याच्या तोंडावर दिसला.

तिने हात मागे घेतला.

"नाई, मामा. ह्यायनंच माह्यं पोट फाडलं होतं." मग आजवर जे कुणासमोर बोलली नव्हती ते ती सगळ्या बायांसमोर बोलली. "माहे हात सकाळी चालत नाई. दुखतेत. इंदुताई, मले गंगाळभर गरम पानी द्या. आन थोडा दम धरा."

"आन मुहूर्त?" रुखमाबाईने विचारलं.

"हळद कुठी पळून चालली हाय?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि दोघीतिघी हसल्या.

इंदुताईने गंगाळ आणलं. चुलीवरच्या हंड्यातलं पाणी आणि गार पाणी मिसळून, स्वतःचं कोपर बुडवून पाहिलं आणि जाहिदाबीपुढे ठेवलं. जाहिदाबीने मनगटापर्यंत हात बुडवले. ती बोटं मिटायची, उघडायची. वाफेत तिचा चेहरा ओला झाला, आणि तो वाफेनेच ओला झाला असं सगळ्यांनी धरलं.

कमळा थोडा वेळ बघत राहिली. मग तिने बाही सरकवली आणि आपलाही हात त्याच पाण्यात घातला.

"अवं! नवरीचा हात मणियारणीसंगं एका गंगाळात?"

"आत्या, हात धरते तवा चालते, मंग पानी काऊन नाई चालत?" कमळा म्हणाली. "आन मलेबी थंडी वाजून राह्यली."

"पानी म्या ओतलं," इंदुताई म्हणाली. "ज्याले पटत नसन त्यानं शेकोटीकडं तोंड करा."

रुखमाबाईने खरंच शेकोटीकडे तोंड केलं.

पाणी निवलं की इंदुताई हंड्यातलं ओतायची. पलीकडच्या मोहाच्या शेंड्यावर ऊन आलं, मग कुडाच्या भिंतीवर, मग पाटापाशी. पाण्याखाली जाहिदाबी कमळाचा पंजा दाबत होती, वीस वर्षांपूर्वी नणंदेचा दाबायची तसा. पोरीचा हात कणकेसारखा मऊ झाला होता. तिची स्वतःची बोटंही जरा ढिली पडली होती. पहिल्यासारखी नव्हती, ती आता कधी होणार नव्हती, हे तिला पाण्यातच कळलं. पण हाड कुठे दबतं, ते बोटांना अजून आठवत होतं.

"अंगठा तू दाब," ती कमळाला म्हणाली. "दुसऱ्या हातानं. म्या सांगन तवा. जोर तुहा, वाट माही."

तिने बांगडी टेकवली आणि कमळाच्या तोंडाकडे पाहिलं. "विहिरीले रहाट हाय का नुसता दोर?"

"ते नाई मालूम, बाप्पा," असं म्हणून कमळा हसली, आणि तेवढ्यात बांगडी मनगटावर होती.

मग दुसरी, तिसरी. मध्ये दोनदा पाणी बदललं. एकदा जाहिदाबी थांबली, हात मांडीवर ठेवून डोळे मिटून बसली, आणि कुणी घाई केली नाही. दोन्ही हात भरले, वरची एक-एक जास्तीची बांगडीही चढली, तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. कमळाने वाकून नमस्कार केला. इंदुताईने सुपात तांदूळ आणि वर खण ठेवला. सूप गुलाम रसूलने उचललं.

तो छकडा जुंपत होता, तेवढ्यात रुखमाबाई पदर सावरत आली.

"वैशाखात आमच्या इथी पोरीचं हाय," ती दुसरीकडेच बघत म्हणाली. "पहाटेच येजो. उजाडायच्या आत पायजे मले."

हो म्हणायची जाहिदाबीला इतक्या वर्षांची सवय होती. तो शब्द तिच्या ओठांपर्यंत आलाही. गुलाम रसूल बैलाच्या मानेवर हात ठेवून थांबला.

"पहाटे नाई जमत, बाई," जाहिदाबी म्हणाली. "माहे हात ऊन चढल्यावर उघडतेत. तवा भरीन. चालत असन तं सांगा, नाई तं चिमूरवरून दुसरी बोलवा."

रुखमाबाईने सगळं अंगण बघून घेतलं. गंगाळातलं पाणी इंदुताई तुळशीपाशी ओतत होती.

"वैशाखात ऊन लवकरच चढते," रुखमाबाई म्हणाली, आणि घरात गेली.