माझ्या कपाळपट्टीवरचं कुंकू

वरच्या साहेबा, निवृत्तीच्या पोटावर पाय तूच दिलास. तुझं नाव मला ठाऊक नाही. इथं कुणालाच नाही. म्हणून तर तुझं फावतं.

मित्रांनो, मी म्हैसूरच्या मेटगळ्ळी भागातल्या कारखान्यातली एक जुनी प्रेस मशीन आहे. पत्रा दाबून मोटारीचे भाग घडवते. माझा पहिला मालक म्हैसूरचाच. मी अडले की तो स्वतः बाह्या सारून यायचा, शिव्या द्यायचा आणि मला चालू करून जायचा. मला चालवायचा निवृत्ती. दर खंडेनवमीला तो मला पुसून झेंडूची माळ घाली, पुढ्यात कोहळा फोडी आणि माझ्या कपाळपट्टीवर कुंकू लावी. पूजेला त्याची बायको सोयराबाईही येई. "हिला रोज तेल घालता," ती म्हणे, "माझी विचारपूस वर्षातनं एकदा तरी करा की हो."

मग परदेशी कंपनीनं कारखाना घेतला. पाटी तीच ठेवली. आत मात्र जमीन एका कंपनीची, मी दुसरीची, माल तिसरीचा. तिघींचा धनी एकच, पण काही विचारायला जावं तर प्रत्येक जण दुसरीकडे बोट दाखवी. माझ्या कपाळपट्टीवर काचेचा डोळा बसवला. साच्यात कुणाचा हात गेला तर मी थांबावं, म्हणून. चांगलीच गोष्ट. पण त्या डोळ्याची तार समुद्रापार गेली होती.

खंडेनवमी आली. निवृत्तीनं सवयीनं तिथंच कुंकू लावलं. सुट्टी संपल्यावर त्यानं बटण दाबलं, तर मी हलेना. डोळा मुद्दाम झाकला, असं तिकडच्या यंत्रणेनं ठरवलं आणि तिथूनच मला कुलूप घातलं.

"सार, कुंकूच की हो ते. पुसलं बघा," निवृत्ती म्हणाला.

मॅनेजर नरसिंहमूर्तींनी आपल्या रुमालानं काच पुन्हा पुसली. मग स्टुलावर बसले. "निवृत्ती, गेटाचं कुलूप माझ्याकडे आहे अप्पा. हिचं नाही."

त्यांनी बेंगळूरुला विचारलं. बेंगळूरुनं सिंगापूरला. सिंगापूरनं कळवलं, मुख्य कचेरी ठरवील. आणि मुख्य कचेरीनं ठरवलं: म्हैसूरची माणसं सुरक्षेशी खेळतात, हे काम दुसऱ्या देशातल्या कारखान्याला द्या. खेळतात म्हणे! ज्या हातांसाठी डोळा बसवला, ते हातच बाहेर काढले.

शेवटच्या दिवशी निवृत्तीनं मला तेल घातलं. बंद मशीनला. नरसिंहमूर्ती दारात उभे होते. त्यांनी मान फिरवली.

मित्रांनो, मला पुसा, तेल घाला, एवढंच मागायची माझी जात. पण आता तेलानं भागत नाही. जाडजूड पत्रा मी एका दाबात वाकवते, आणि हे न दिसणारं कुलूप मला तोडता येत नाही.

साहेबा, सोयराबाई विचारते आहे, जाब कुणाला विचारायचा? नाव सांग. दार सांग. ती हिनकलच्या घरून चालत येईल. कुठं यायचं तिनं? बोल.