एक सेंटीमीटर जास्तीचा अँटेना

मित्रांनो, मी एक जुना अँटेना आहे. टीव्हीचा नव्हे. वरून जाणारी विमानं आपला नंबर, उंची आणि जागा सतत सांगत असतात. ते बोलणं पकडून खालच्या खोलीतल्या संगणकाकडे पाठवणं, हे माझं काम. दिसायला मी अगदीच साधा आहे. तांब्याची एक उभी तार आणि तिच्या बुडाशी खाली वाकवलेल्या चार तारा, झालं.

मला दोघांनी मिळून बनवलं. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे आणि आई कपडे शिवायच्या. त्यांची मुलगी त्यांना आई-बाबा म्हणायची, म्हणून मीही तसंच म्हणतो. मुलगी विमान चालवायला शिकत होती. तेव्हा या दोघांना वाटलं, पोरगी वर काय करते ते आपल्यालाही थोडं कळायला हवं.

शिवणाच्या टेबलावर माझा जन्म झाला. उभी तार एकोणसत्तर मिलिमीटर हवी, असं बाबांनी कागदावर लिहून ठेवलं होतं. आईंनी मोजलं आणि एक सेंटीमीटर पुढे खूण केली.

"अगं, ही तार आहे, बाही नाही," बाबा म्हणाले.

"म्हणूनच म्हणते. बाही उसवून सैल करता येते, तार वाढवता येत नाही. जास्तीची नंतर कापू."

त्यांच्या हाताला ती सवयच होती. कुठलंही कापड बेतलं की थोडं आत राखून ठेवायच्या. मला खिडकीत लावलं तर पहिल्याच दिवशी सतरा विमानं दिसली. त्या आनंदात कापायचं राहूनच गेलं.

पुढे मुलगी मालवाहू विमानावर सहवैमानिक झाली. मंगळवारी आणि शनिवारी, सकाळी दहाच्या सुमारास, तिचं विमान आमच्यावरून जाऊन सत्तर किलोमीटरवरच्या विमानतळावर उतरायचं. ते साडेतीन हजार फुटांवर आलं की माझ्या हातून सुटायचं. तेव्हा त्याचं कुणालाच काही वाटत नसे. दोघं चहाचे कप उचलून आपापल्या कामाला लागत. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग आई आजारी पडल्या आणि आठ महिन्यांत गेल्या.

त्यानंतर बाबांच्या पायाला भिंगरी लागली. विमान पडद्यावरून गेलं की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. ते लगेच मुलीला फोन लावायचे. तिचा फोन बंद असायचा, अर्थातच. तरी लावत राहायचे. मग दोष माझ्यावर यायचा. खिडकीतून मला सज्ज्यात नेलं, सज्ज्यातून गच्चीवर. तिथून पाण्याच्या टाकीवर, टाकीवरून लोखंडी पाइपावर. महिन्याभरात मी पाच ठिकाणी उभा राहिलो. उंच गेलो तशी केबल लांब झाली आणि वर मिळालेलं निम्मं वाटेतच गळू लागलं. मग त्यांनी सिग्नल वाढवणारी डबी बसवली, तर शेजारच्या मोबाइल टॉवरचा गोंगाटही वाढला. बाबा दिवसातून दहा वेळा जिना चढायचे, मला जरासं फिरवायचे, खाली जाऊन पडदा बघायचे, पुन्हा वर यायचे.

शेवटी त्यांनी खालच्या मजल्यावरच्या टेलिफोनवाल्या काकांना बोलावलं. काकांनी आयुष्यभर केबल जोडल्या होत्या. त्यांनी आधी ती डबी काढून टाकली. माझ्या सांध्यात पाणी शिरलं होतं, ते पुसून सांधा नवा केला. केबल आखूड, जाड घातली. मग पट्टी लावली.

"अहो लिफ्टवाले, हे एकोणऐंशी भरतंय. मोजताना डुलकी लागली होती काय?"

"चूक नाही ती. हिने ठेवलंय."

"मग आता कापा की. मापापेक्षा लांब तार सिग्नल नीट पकडत नाही."

"ते सोडून काय ते सांगा."

काकांनी पट्टी खिशात घातली. मला तसंच परत पाइपावर चढवलं.

त्या शनिवारी विमान नेहमीसारखंच दिसेनासं झालं. बाबांनी माझ्याशेजारी उभं राहून चौदा वेळा फोन लावला. अर्ध्या तासाने तिचाच आला. गच्चीवर वारा होता, म्हणून त्यांनी आवाज मोठा केला. त्यामुळे मलाही ऐकू आलं.

"बाबा, चौदा? कॅप्टन विचारत होते, घराला आग लागलीय का म्हणून."

"दिसेना गं तू. मला वाटलं..."

"काय वाटलं ते मला माहीत आहे. मलाही आई नाहीये, बाबा. पण मी उतरवते तेव्हा माझं लक्ष समोर हवं, खिशातल्या फोनवर नको. हे असंच चालणार असेल, तर पुढच्या महिन्यापासून मी वेळापत्रक पाठवणार नाही."

फोन बंद झाल्यावर बाबांनी तो खिशात टाकला. मग खाली जाऊन काकांना घेऊन आले. हातात कटर होता.

"नंतर कापू म्हणाली होती," ते काकांना म्हणाले. "मीच पुढे ढकलत बसलो."

कटर दोनदा माझ्यापाशी आला आणि मागे गेला. तिसऱ्यांदा कट्ट आवाज झाला. तुकडा उडाला आणि पन्हाळीच्या बाजूला कुठेतरी पडला. दोघे म्हातारे गुडघ्यांवर बसून शोधत राहिले. सापडला नाही.

"एका सेंटीमीटरपायी माझे गुडघे गेले," काका म्हणाले. बाबा हसले. डोळे पुसत हसले, पण हसले.

मंगळवारी मी जीव तोडून काम केलं. मित्रांनो, खरं सांगतो, फार मोठा पराक्रम झाला नाही. साडेतीन हजारांऐवजी विमान अठ्ठावीसशे फुटांपर्यंत दिसलं. जेमतेम एक मिनिट जास्त. पुढे जमिनीचा उंचवटा आहे, आणि त्याच्या पलीकडचं कुठल्याच अँटेनाला दिसत नाही.

विमान गेलं तसे बाबा तडक वर आले. फोन खिशातच होता. त्यांनी माझा नट विनाकारण आवळला, सांधा पुसला. पुसलेलाच परत पुसला. बसले, उठले. गच्चीला तीन फेऱ्या मारल्या. हात खिशाकडे जायचा आणि परत यायचा.

वीस मिनिटांनी फोन वाजला.

"बाबा, उतरले. आज तुमचा एकही फोन नाही. तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे गं. अँटेना पुसत होतो."

"पुढच्या महिन्याचं वेळापत्रक पाठवते," ती म्हणाली.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणाच्या हातची एखादी वस्तू असेल. ती जपा, पण तिला हात लावायला घाबरू नका. पुसा, उघडा, गरज पडली तर कापा. ज्यांनी आम्हाला बनवलं, त्यांनी आम्ही चालावं म्हणूनच बनवलं होतं.

आज शनिवार आहे. दहा वाजत आले आहेत. जिन्यात पावलं वाजताहेत.